सायकलच्या स्पोकमधून दिसणारी झाडं: एका मोठ्या फोटोतल्या बॅकग्राउंड ब्लरचं प्रकरण

फोटो साधा होता. साठीच्या आसपासच्या एक बाई, मोकळे केस, गडद निळा शर्ट, दोन्ही हातांनी सायकल धरून उभ्या. मागे झाडांमधून जाणारी सपाट मातीची वाट. त्यांच्या मुलीनेच काढलेला, आणि भिंतीवर एक मीटर रुंदीचा छापून लावायचा होता. अडचण अशी की कॅमेऱ्याचं ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ ८ वर राहून गेलं होतं. एफचा आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान, आणि मागचं जास्त स्पष्ट. त्यामुळे मागचं सगळंच लख्ख आलं होतं: पान न पान, वीसेक मीटरवर उभी असलेली लाल गाडी, वाटेच्या कडेचा सूचनाफलक आणि त्यावरची अक्षरंसुद्धा.

"मावशी, आधी गाडी दिसते, मग आई दिसते," ती म्हणाली. "मागचं जरा धूसर करून देशील?"

फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची, म्हणजे २४ मेगापिक्सेल. फुल फ्रेम सेन्सर, ५० मिलिमीटरची लेन्स, आई कॅमेऱ्यापासून साधारण ५ मीटरवर. डोळ्यांवर फोकस अचूक होता, उजेड मऊ होता, हसू खरं होतं. असा फोटो पुन्हा काढू म्हटलं तरी निघत नाही, म्हणून काम मनापासून करायचं ठरवलं. मी जिम्प हे फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर वापरते, त्यामुळे पुढची नावं जिम्पमधली आहेत.

पहिला प्रयत्न

सवयीप्रमाणे आधी १५०० पिक्सेल रुंदीची छोटी प्रत केली. बाई आणि सायकल सिलेक्ट केली, सिलेक्शन उलटवलं, आणि गॉसियन ब्लर हा धूसर करणारा फिल्टर २० वर लावला. वीस मिनिटांत काम झालं. मुलीला पाठवलं, तिला आवडलं, मलाही बरं वाटलं.

मग मूळ फाइल उघडून तेच सगळं केलं. २० चा ब्लर लावला तर मागचं जेमतेम मऊ झालं. हे व्हायलाच हवं होतं, कारण ब्लरचा आकडा पिक्सेलमध्ये असतो आणि चित्र चौपट रुंद झालं की तोच आकडा चौपट अपुरा पडतो. म्हणून ८० केला. आता दूरून पाहिलं तर छोट्या प्रतीसारखंच दिसत होतं. मग १०० टक्के झूम करून काठाकाठाने फिरले आणि थांबले.

शर्टाच्या बाहेर सगळीकडे निळसर धुकं साचलं होतं, खांद्यांपाशी सर्वांत दाट. पुढचं चाक मी सिलेक्शनमध्ये अख्खी थाळी म्हणून घेतलं होतं, त्यामुळे स्पोकच्या मधून दिसणारी झाडं तशीच धारदार राहिली होती. धूसर जंगलात एक गोल खिडकी, आणि त्या खिडकीतून तेच जंगल स्वच्छ. बुटांच्या कडेला जमीन एकदम कापल्यासारखी धूसर होत होती, त्यामुळे पाय मातीवर टेकलेलेच वाटत नव्हते. पानांमधून येणारे उन्हाचे ठिपके, जे खऱ्या लेन्समध्ये उजळ चकत्या होऊन उमटतात, ते राखाडी चिखलात विरघळले होते. निळं धुकं छोट्या प्रतीतही होतं, मी तिथे शोधलं नव्हतं. चाकाचं मात्र छोट्या प्रतीत कळणंच शक्य नव्हतं. या फोटोत स्पोक साडेतीन पिक्सेलसुद्धा जाड नाही, चौथाई केल्यावर तो एका पिक्सेलच्या आत जातो.

हे सगळं पुसून, खरवडून, डागडुजी करून सुधारता येईल असं पहिल्यांदा वाटलं. तासभर तेच केलं. मग लक्षात आलं की चूक ब्रशच्या कामात नव्हती, प्रश्नच मी चुकीचा विचारला होता. "किती धूसर केलं की छान दिसेल" असं विचारत होते. विचारायला हवं होतं ते हे: हीच लेन्स पूर्ण उघडी असती तर कुठली वस्तू किती धूसर झाली असती?

किती आणि कुठे

याचं उत्तर डोळ्यांना विचारावं लागत नाही, ते गणिताने मिळतं. फोकसच्या मागचा एखादा बिंदू सेन्सरवर चकती होऊन पडतो. अगदी लांबच्या बिंदूची चकती किती मोठी, ते काढायला लेन्सच्या फोकल लांबीचा (इथे ५० मिलिमीटर) वर्ग घ्यायचा आणि त्याला एफ आकडा गुणिले फोकसचं अंतर याने भागायचं. अंतरातून फोकल लांबी वजा करायची असते, पण ५ मीटरपुढे ५ सेंटिमीटर किरकोळच. इथे एफ १.४ धरलं तर चकती ०.३६ मिलिमीटर येते. ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर ६००० पिक्सेल, म्हणजे ही चकती ६० पिक्सेलची, त्रिज्या ३०. एफ ८ ला हाच आकडा साडेदहा पिक्सेल होता. म्हणूनच सगळं लख्ख दिसत होतं.

एफ १.४ च का? कारण ५ मीटरवर या लेन्सला एफ १.४ ला आईच्या पुढे-मागे साधारण ४०-४० सेंटिमीटर स्पष्ट मिळतं. सायकल कॅमेऱ्याला आडवी होती, त्यामुळे आई आणि सायकल दोन्ही त्या पट्ट्यात बसतात. यापेक्षा जास्त उघडलं तर हँडलचं एक टोक धूसर व्हायला हवं होतं, आणि ते मला नको होतं.

आता माझ्या ८० च्या गॉसियनकडे पाहा. गॉसियनचा आकडा म्हणजे चकतीची त्रिज्या नव्हे. चकतीच्या त्रिज्येच्या निम्म्याच्या आसपासचा गॉसियन तिच्याइतकं पसरवतो. म्हणजे ३० त्रिज्येच्या चकतीसाठी गॉसियन १५ पुरतो, आणि मी लावलेला ८० हा ३२० पिक्सेलच्या चकतीइतका झाला. तेवढी चकती या लेन्सने द्यायची तर एफ ०.२६ लागेल. अशी लेन्स कुणाच्या पिशवीत नसते. पाहणाऱ्याला हे आकडे माहीत नसतात, पण पाच मीटरवर उभ्या माणसामागे एवढं विरघळलेलं जग त्याने कधी पाहिलेलं नसतं, आणि ते डोळ्याला खुपतं. माणूस पुठ्ठ्यातून कापून लावल्यासारखा दिसतो तो बऱ्याचदा यामुळेच. काठ कितीही नीट कापलेला असो.

आता दुसरा भाग, जो मला या सगळ्या कामात सर्वांत सुंदर वाटतो. मागचं सगळं सारखं धूसर होत नाही. पूर्ण धूसरपणा १०० धरला तर ५ मीटरवर फोकस असताना १० मीटरवरची वस्तू ५० टक्के धूसर होते, २० मीटरवरची ७५ टक्के. नियम असा: एकातून, फोकसचं अंतर भागिले वस्तूचं अंतर, वजा करायचं. पण फोटोतल्या झाडांची अंतरं आता मोजणार कोण?

मोजावी लागत नाहीत. सपाट जमिनीवर, फोटोतली एखादी ओळ क्षितिजापासून जितकी खाली, तितकी ती जागा कॅमेऱ्याच्या जवळ, आणि हे नातं व्यस्त असतं: क्षितिजापासूनचं माप निम्मं झालं की अंतर दुप्पट. धूसरपणाच्या नियमातही अंतर भागाकारातच बसलंय. दोन्ही एकत्र ठेवले की अंतराचा आकडा गळून पडतो आणि उरते एक सरळ रेषा. टाचा जिथे टेकल्यात तिथे शून्य, क्षितिजावर १००, आणि मध्ये साधा सरळ ग्रेडियंट, म्हणजे एकसारखी वाढत जाणारी छटा. अंदाजाने काढलेला नव्हे, सपाट जमिनीसाठी हाच बरोबर. टाचांच्या अलीकडची जमीन, जी कॅमेऱ्याकडे येते, तीही त्याच चढाने पुन्हा धूसर होत जाते.

या फोटोत वाटेच्या दोन्ही कडा लांबवून जिथे मिळाल्या ती क्षितिजाची ओळ, वरून १७०० वी निघाली. वाट सरळ आणि सपाट होती म्हणून हे जमलं. टाचा ३७०० व्या ओळीवर. मग २७०० वी ओळ म्हणजे १० मीटर, २२०० वी म्हणजे २० मीटर. लाल गाडीची चाकं बरोबर २२०० च्या आसपास टेकली होती, म्हणजे अख्ख्या गाडीला ७५ टक्के. फलकाचा खांब २३६५ वर जमिनीत शिरत होता, १५ मीटर, ६७ टक्के. डावीकडचं एक झाड फक्त ८ मीटरवर होतं, बुंधा २९५० वर, ३७ टक्के. हा धूसरपणा करड्या छटेने दाखवायचा: शून्य म्हणजे काळं, १०० म्हणजे पांढरं. उभ्या वस्तूला तिच्या पायाची करडी छटा शेंड्यापर्यंत द्यायची. वस्तू जमिनीला कुठे टेकते ते दिसलं की तिचं अंतर हातात आलं.

असा करडा नकाशा मी वेगळ्या चॅनेलमध्ये, म्हणजे फाइलमधल्या एका स्वतंत्र करड्या चित्रात, रंगवला. ग्रेडियंट ओढल्यावर मधल्या ओळीवर कलर पिकर टेकवून ५० टक्केच येतंय ना ते पाहून घेतलं. ग्रेडियंट टूलच्या सेटिंगनुसार मधली छटा हलू शकते, आणि मग सगळा हिशेब वाकडा होतो. डावीकडच्या झाडाचा काठ मी अगदी घाईने रंगवला. ते झाडच धूसर होणार होतं, त्यामुळे तिथे चार-सहा पिक्सेल इकडेतिकडे चालून जातात.

आधी आईला फोटोतून काढलं

निळं धुकं आलं कुठून? फाइलमध्ये चित्राचे थर, म्हणजे लेअर, एकावर एक असतात, आणि बॅकग्राउंडच्या लेअरमध्ये आई होतीच. ब्लर शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतो, तो निळा शर्ट बाहेर पसरवणारच. वर स्पष्ट आई ठेवली तरी खालचं पसरलेलं निळं तिच्या भोवती डोकावत राहतं. खऱ्या लेन्समध्ये असं होत नाही, कारण मागच्या झाडावरून येणारा प्रकाश शर्टाचा रंग घेऊन येत नाही.

म्हणून फोटोची एक प्रत घेतली आणि त्यातून आई आणि सायकल पुसून टाकली, जणू त्या तिथे नव्हत्याच. हे ऐकायला अवघड वाटतं, पण यात मोठी सवलत आहे. ब्लरची त्रिज्या ३० पिक्सेल, म्हणजे काठाच्या आत ३० पिक्सेलपर्यंतच काय भरलंय याला महत्त्व. त्याच्या आतलं कुणाला कधी दिसणार नाही. मी ६० पिक्सेलचा पट्टा क्लोन टूलने, म्हणजे शेजारचा भाग उचलून छापणाऱ्या ब्रशने, नीट भरला, माती मातीने आणि पानं पानांनी, आणि पोटापाठीच्या जागी जो काही लगदा उरला तो तसाच ठेवला. बुटांखालची सावली पुसली नाही. सावली जमिनीची असते, तिला जमिनीचाच ग्रेडियंट लागू होतो, आणि तीच पाय मातीला बांधून ठेवते.

चाकांना वेळ लागला. दोन चाकं, प्रत्येकी ३२ स्पोक. वरच्या स्पष्ट आई-सायकलच्या लेअरला मास्क होता, म्हणजे काळा-पांढरा साचा; त्यात पांढरं तेवढंच दिसतं. त्या मास्कवर ३ पिक्सेलचा पांढरा ब्रश घेऊन हबवर क्लिक, मग शिफ्ट दाबून रिमवर क्लिक, की सरळ रेघ उमटते. असं ६४ वेळा. स्पोक एकमेकांवरून जातात, काही हबच्या पुढच्या बाजूला लागतात, काही मागच्या, त्यामुळे हबपाशी २०० टक्के झूम केल्याशिवाय सुरुवातीचा बिंदू कळत नव्हता. दीड तास गेला. स्वयंचलित सिलेक्शन इथे मदत करत नाही, निदान मला तरी कधी केलेली नाही. ते चाक एक तर अख्खं घेतं, नाहीतर स्पोक गाळून नुसती रिम ठेवतं. पण रेघा काढून झाल्यावर मास्क चालू केला, आणि स्पोकमधून मागची झाडं धूसर दिसली, तेव्हा फोटोत पहिल्यांदा हवा आली. सायकल आणि जंगल यांच्यामध्ये अंतर आहे हे डोळ्यांनी तिथूनच ओळखलं.

केसांची मला भीती होती, ते उलट सोपे गेले. केस कापून परक्या बॅकग्राउंडवर ठेवायचे असतात तेव्हा त्यांच्यात अडकलेला जुना रंग घात करतो. इथे मागचं जंगल तेच राहणार होतं, फक्त मऊ होऊन. केसांत अडकलेला हिरवा त्याच हिरव्यात मिसळून गेला. मऊ ब्रशने मास्कचा काठ सैल केला आणि बाहेर भुरभुरणारे दहा-बारा केस एकेक करून मास्कमध्ये परत आणले.

उन्हाचे ठिपके

ब्लर लावण्याआधी एक सेटिंग बदललं, आणि ते सोडून चालणार नाही. फाइलमधले ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. १२८ म्हणजे अर्धा प्रकाश नव्हे, जेमतेम २२ टक्के. त्या आकड्यांचीच सरासरी काढली तर पांढरा ठिपका आणि शेजारची काळी सावली मिळून १२८ होतात. खऱ्या प्रकाशाची सरासरी काढली तर १८८ येतात. राखाडी चिखल आणि उजळ चकती यांच्यातला मोठा फरक इथेच आहे. २०१८ मध्ये आलेल्या जिम्प २.१० पासून चित्र ३२-बिट फ्लोट आणि लिनियर लाइटमध्ये ठेवता येतं, म्हणजे आकडे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात राहतात. ते केलं.

दुसरी गोष्ट, सूर्याचे ठिपके फाइलमध्ये २५५ ला कापले गेलेले असतात. प्रत्यक्षात ते पानांच्या कितीतरी पट उजळ होते, पण फाइलला ते माहीत नाही. लेन्स ब्लर हा फिल्टर जिम्पमध्ये २.१०.२० पासून आहे. तो करडा नकाशा मास्क म्हणून घेतो आणि त्यात हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, वाढवायची सोयही आहे. मी ती हळूहळू वाढवली आणि चकत्या वेगळ्या दिसू लागताच थांबवली. हा मोह फार असतो. चकत्या सुंदर दिसतात, आणि बघता बघता आईच्या मागे दिव्यांची आरास होऊन बसते.

मोठ्या फाइलचं ओझं इथे जाणवतं. २४ मेगापिक्सेलचा एक लेअर ३२-बिटमध्ये, पारदर्शकतेसकट, ३८४ मेगाबाइट होतो. माझ्याकडे असे पाच लेअर होते आणि वर अनडूचा साठा. संगणकात ८ जीबी मेमरी, म्हणून इतर सगळं बंद केलं, अनडूच्या पायऱ्या कमी केल्या, आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या फाइलमध्ये जपला. त्रिज्या आणि हायलाइट ठरवायला पूर्ण चित्र वापरलंच नाही. १०० टक्के आकाराचे तीन तुकडे कापून घेतले, केसांचा, चाकाचा आणि गाडीचा, आणि त्यांच्यावर सगळे प्रयोग केले. छोटी प्रत फसवते. पूर्ण आकाराचा तुकडा फसवत नाही आणि लवकरही होतो.

ब्लर झाल्यावरही काहीतरी राहिलं होतं. मागचं सगळं प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत, आणि आईच्या चेहऱ्यावर मात्र कॅमेऱ्याचा बारीक नॉइज, म्हणजे दाणेदारपणा. नॉइज सेन्सरमध्ये तयार होतो, लेन्सच्या नंतर, त्यामुळे खऱ्या फोटोत तो धूसर भागावरही सारखाच असतो. फिल्टरने तो पुसून टाकला होता. शर्टाचा एक सपाट भाग आणि शेजारचं बॅकग्राउंड एकत्र पाहत, दोन्ही सारखे दिसेपर्यंत आरजीबी नॉइज घातला. यामुळे छापताना सावलीत जे पट्टे दिसण्याची शक्यता असते तीही गेली.

आणि गाडी? ती धूसर झाली, फलकावरची अक्षरं वाचता येईनाशी झाली, पण लाल डाग तिथेच होता. ब्लर आकार मोडतो, रंग मोडत नाही. मुलीची मूळ तक्रार गाडीबद्दल होती आणि आकार मऊ झाला तरी डोळा पहिल्यांदा तिथेच जात होता. म्हणून त्या भागाचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, निम्म्यावर आणलं आणि थोडा अंधार दिला. विटकरी झालेली गाडी झाडांच्या बुंध्यांत मिसळली. सगळ्या कामातली ही पाच मिनिटांची दुरुस्ती, आणि आई सर्वांत जास्त पुढे आली ती हिच्यामुळे.

पट्टी छापून पाहिली

एक मीटरवर ६००० पिक्सेल म्हणजे दर सेंटिमीटरला ६०. लांबच्या उन्हाच्या ठिपक्याची चकती भिंतीवर एक सेंटिमीटरची दिसणार, आणि स्पोक अर्ध्या मिलिमीटरचा. हे पडद्यावर पाहून समजत नाही. म्हणून ए-फोर कागदावर खऱ्या मापात दोन पट्ट्या छापल्या, एक चेहऱ्याची आणि एक पुढच्या चाकाची, आणि मुलीला भिंतीवर लावून लांबून पाहायला सांगितलं.

ती दोन मीटरवरून पाहत राहिली. मग जवळ गेली, अगदी नाक लागेल इतकी, आणि ब्रेकच्या केबलपाशी बोट ठेवलं. केबल, हँडल आणि फ्रेमची नळी यांच्यामध्ये नखाएवढा त्रिकोण होता. मास्क करताना तो माझ्या नजरेतून सुटला होता. त्यात तीन पानं होती, एफ ८ ची, शिरांसकट स्पष्ट.

"ही पानं पुढची वाटतात गं, सायकलवर पडल्यासारखी."

तो त्रिकोण मास्कमधून काढला. मग दोन्ही चाकं, पॅडल, चेन आणि कॅरिअर यांच्यामधली प्रत्येक फट पुन्हा तपासली. कॅरिअरखाली आणखी एक निघाली, स्टँडजवळ एक. तिन्ही दुरुस्त करून, चाकाची पट्टी पुन्हा छापून पाहिली आणि पूर्ण फाइल छपाईला दिली.